पाळणाघराची फी कुणाच्या नावे?

मी पुन्हा नोकरी धरणार म्हटल्यावर घरी, माहेरी, सोसायटीच्या बाकावर सगळीकडे एकच हिशोब मांडला गेला. पगार २२,०००. त्यातून धाकटीच्या पाळणाघराचे ४,५०० गेले. पोळ्या-भाजीच्या ताईंचे ३,२००. दुपारच्या व्हॅनचे १,३००. माझ्या स्कूटरच्या पेट्रोलचे १,२००. उरले ११,८००. त्यावर थोरले दीर म्हणाले, बाहेरचं खाणं वाढेल, दोन ड्रेस जास्त लागतील, धरून चाला दहा. "दहा हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला करतेस?"

दीर मनाने चांगले आहेत आणि त्यांची वजाबाकी बरोबर होती. माझा आक्षेप हे खर्च ज्या खात्यावर टाकले त्याला होता. पाळणाघर लागतं कारण मूल दोघांचं आहे आणि दोघं कामावर जातात. पोळ्या चौघं-पाचजण खातात. मग हे सगळं एकट्या माझ्या पगाराच्या नावे का? एका शेडमध्ये जुना विभाग चालू असताना दुसरा सुरू केला, आणि शेडचं सगळं भाडं नव्या विभागावर टाकून "हा तोट्यात आहे, बंद करा" असं कुणी अकाउंटंट म्हणाला, तर शेठ त्याला त्याच दिवशी घरी पाठवेल. नवऱ्याचं पेट्रोल, त्याचा डबा, त्याच्या शर्टांची इस्त्री यातलं काही त्याच्या पगारातून वजा करून "तुला उरतं किती रे?" असं त्याला आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

वाद घालण्यात मी कच्ची आहे, व्हाउचर टाकण्यात नाही. लॅपटॉपवर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची फुकटातली शिकाऊ आवृत्ती घेतली. तिच्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद करता येते. घरखर्चाला तेवढं भरपूर झालं. 'घर' नावाची कंपनी उघडली, त्याचं आणि माझं अशी दोन कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च वाटून दाखवायची खाती, केली. त्याचा पगार ५८,०००, माझा होणार २२,०००. म्हणजे माझा वाटा साडेसत्तावीस टक्के. सामायिक खर्च ९,०००, त्यातले माझ्याकडे २,४७५, त्याच्याकडे ६,५२५. माझं पेट्रोल माझं. उरले १८,३२५. रिपोर्ट प्रिंट करून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. नवरा दोन दिवस तो वाचल्यासारखं न करता दूध काढत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझ्या पेट्रोलची एंट्री कुठाय?" मी ती टाकली.

बडोद्याच्या मराठी माणसाला दोन वाक्यांनंतर सयाजीराव आठवतात, मीही त्याला अपवाद नाही. १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मुलींसकट. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. माझी आजी सूरसागरजवळच्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकली आणि दांडिया बाजारातल्या अर्ध्या वाड्याची पोलकी तिच्या मशीनवरून उतरली. हे सगळं आमच्याकडे लग्नाकार्यात कौतुकाने सांगितलं जातं. ज्या काकांनी हे मला लहानपणी पाठ करून घेतलं, त्यांनीच फोनवर विचारलं, "पण मुलांचं काय?" मी म्हटलं, मुलं बरी आहेत काका, थोरला तिसरीत गेला. त्यांना ते विचारायचं नव्हतं हे मला कळत होतं.

मी नोकरी सोडली २०१५ मध्ये, थोरला तीन महिन्यांचा असताना. बाळंतपणाची रजा तेव्हा १२ आठवड्यांची. ती २६ आठवड्यांची झाली १ एप्रिल २०१७ पासून, तोवर मी दुसऱ्यांदा दिवस राहून पाचव्या महिन्यात होते आणि कुणाच्याच हजेरीपटावर नव्हते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात मी सात वर्षं एक्साइज आणि व्हॅट सांभाळलं होतं. त्यांची रजिस्टरं आणि फॉर्म: आरजी-२३ए चे दोन भाग, पीएलए, दर महिन्याचं ईआर-१, गुजरात व्हॅटचा फॉर्म २०१, माल राज्याबाहेर गेला की ४०२, आला की ४०३. आणि सी फॉर्म! सी फॉर्म, म्हणजे कमी कराने घेतलेल्या मालाबद्दल परराज्यातल्या गिऱ्हाईकाने द्यायचा कागद, वसूल करणं हे माझं खास काम. कुणी पार्टी इंदूरची असो की भिवंडीची, मी फोन केला की आठवड्यात कुरिअर यायचं. एक्साइजचा १२.३६ टक्के हा दर मला अजून झोपेतून उठवून विचारला तरी येतो.

मग १ जुलै २०१७ आला आणि यातलं जवळजवळ सगळं एका रात्रीत रद्दीत गेलं. धाकटी त्यानंतर महिन्याभराने झाली, म्हणजे जीएसटी तिच्यापेक्षा थोडासा मोठा. संसदेतला तो मध्यरात्रीचा कार्यक्रम मी पाय सुजलेल्या अवस्थेत, उशांना टेकून टीव्हीवर पाहिला. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींचे मेसेज येत होते, पोर्टल उघडत नाही, रिटर्नची तारीख पुन्हा पुढे गेली, साहेब वेडे झालेत. मला तेव्हा वाटलं, बरं झालं सुटले. पुढे दोन-तीन वर्षांनी वाटायला लागलं की आता परतीचा रस्ताच राहिला नाही, कारण जे येत होतं ते अस्तित्वातच नाही.

हे वाटणं अर्धंच खरं होतं, ते मामाच्या दुकानाने दाखवलं. मामाचं मंगळ बाजारात कापडाचं छोटं दुकान आहे. तो कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीतल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेत. उलाढालीच्या एक टक्का कर, दर तिमाहीला सीएमपी-०८ हा फॉर्म, वर्षातून एकदा जीएसटीआर-४ हे रिटर्न. त्याचा वकील दर वेळी पैसे वाढवून मागायचा, म्हणून मामा म्हणाला, "तू बघ ना, बसूनच असतेस." ('बसूनच' हा शब्द मी त्याला अजून माफ केलेला नाही.) सीएमपी-०८ ला डोकं लागत नाही, पण त्या निमित्ताने पोर्टलवर हात बसला. जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २४, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची, हे एकदा कळलं की पुरवठादार खरा की खोटा हे बिलावरच अर्धं दिसतं. धाकटी झोपली की मी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) साइटवर कायदा वाचायची, कलम १६, इनपुट क्रेडिट. वाचताना लक्षात आलं, सेनव्हॅट, म्हणजे एक्साइजमधली जुनी क्रेडिटची पद्धत, ज्याला नीट येत होता त्याला हे अवघड नाही. भरलेला कर पुढच्या करातून वजा होतो, अट एवढीच की पुरावा जागेवर पाहिजे. पुरावा ठेवायची जागा तेवढी बदललीय.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पुन्हा मकरपुराच, मांजलपूरहून स्कूटरने पंधरा मिनिटं. शेठ साठीचे, गुजराती. गॅपबद्दल त्यांनी काहीही विचारलं नाही. टेबलावरून बँकेचं स्टेटमेंट आणि लेजरची प्रिंट सरकवली आणि म्हणाले, "बेन, आ मळतुं नथी. जोई आपो ने." फरक होता १८,००० चा. मी आधी फरकाला ९ ने भागलं. पूर्ण भाग गेला, २,०००. नऊने भाग जाणारा फरक दिसला की आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलेलं. २,००० आले म्हणजे दहा हजार आणि हजार या दोन घरांतले आकडे उलटे पडलेत आणि त्या दोघांत फरक दोनाचा आहे. लेजरमध्ये बोट फिरवत गेले आणि खालून तिसऱ्या ओळीत ३५,२०० दिसले. स्टेटमेंटला तोच चेक ५३,२०० ला वटलेला. शेठनी चहा मागवला. पगार त्यांनी २० सांगितला, मी २५ म्हटलं, आणि २२ वर ते थांबले. पंचवीसच घ्यायला हवे होते असं नवरा आजही म्हणतो. त्याने स्वतः शेवटची घासाघीस कधी केली होती हे मी विचारत नाही.

रुजू झाले जून २०२३ मध्ये. अकाउंट्समध्ये माझी वरिष्ठ माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, एमएस युनिव्हर्सिटीची बी.कॉम. ती मला 'बेन' म्हणते, इथे सगळेच सगळ्यांना बेन नाहीतर भाई, त्यामुळे वयाचा प्रश्न भाषेनेच सोडवला. टॅली बदलली होती. ईआरपी ९ जाऊन प्राइम आलेली. पेमेंटला एफ५, जर्नलला एफ७, सेल्सला एफ८, पर्चेसला एफ९ हे तसंच, पण क्रेडिट नोटला माझी बोटं कंट्रोल आणि एफ८ कडे जात आणि तिथे आता सेल्स ऑर्डर उघडते. ती हसत नसे. शेजारून एक हात यायचा, ऑल्ट आणि एफ६ दाबून जायचा, आणि तिचं स्वतःचं काम चालूच. असं शिकवणं मला आवडलं.

पण खरी गाठ पडली ऑगस्टमध्ये. ई-इनव्हॉइस सक्तीची, वार्षिक उलाढालीवर ठरणारी मर्यादा २०२० साली ५०० कोटींपासून सुरू झाली होती, ती उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली, आणि आमची कंपनी तिच्या कचाट्यात सापडली. त्या दिवसापासून बिल म्हणजे आपण प्रिंट काढलं आणि दिलं असं राहिलं नाही. बिलाची माहिती आधी सरकारी पोर्टलला पाठवायची, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, तो बिलावर छापला की ते बिल. रद्द करायचं तर पोर्टलवर २४ तासांच्या आत, नंतर क्रेडिट नोटच काढायची. हे त्या ऑफिसात कुणालाच येत नव्हतं. माझ्या वरिष्ठेला नाही, सीएच्या ऑफिसमधून येणाऱ्या मुलाला नीट नाही, शेठना तर नाहीच.

एक ऑगस्टची सकाळ. फाटकाशी टेम्पो उभा, माल भरलेला, ड्रायव्हर काचेतून आत बघतोय. बिल पाठवलं की पोर्टल लाल अक्षरात परत पाठवतंय. वरिष्ठा एकदा मालाचा एचएसएन कोड बघतेय, ८५०४ बरोबर आहे, एकदा कराचा दर, १८ बरोबर आहे. मी गिऱ्हाईकाचा मास्टर, म्हणजे टॅलीतली त्याच्या नावापत्त्याची नोंद, उघडला. पत्ता वापीचा, पिन कोड नाशिकचा. पार्टीने तीन वर्षांपूर्वी गोडाऊन हलवलं होतं आणि आमच्याकडे पत्ता बदलला, पिन राहिला. कागदी बिलावर हे कुणाला दिसलं नसतं. माल पोचतोय ना, मग झालं. पोर्टलला मात्र राज्य २४ आणि पिन ४२२ ने सुरू होणारा हे पटत नव्हतं. पिन बदलला, आयआरएन आला, माल वाहून न्यायला लागणारं ई-वे बिल निघालं. ड्रायव्हर म्हणाला, "हाश." त्या दिवसापासून आठवडाभर आम्ही दोघींनी दुपारचा डबा खाताना एकेक पार्टीचा मास्टर उघडून तपासला. तिने पिन वाचायचा, मी राज्य सांगायचं.

त्या आठवड्यात मला ऑफिसात हलकं वाटायला लागलं. नव्या गोष्टीपुढे आम्ही सगळे सारखे होतो. २०१७ मध्ये मी तिथे असते तर तेव्हाही असंच झालं असतं, माझ्या मैत्रिणींनाही कुणी आधी शिकवलेलं नव्हतंच. माझा गॅप म्हणजे त्यांनी ज्या गोंधळात शिकून घेतलं तो गोंधळ माझ्या वाट्याला आला नाही, एवढंच.

जुनं काय उपयोगी पडलं म्हणाल तर फोन करणं. पुरवठादाराने त्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, अकरा तारखेच्या आत भरलं नाही तर चौदाला येणाऱ्या आमच्या २बी या क्रेडिटच्या यादीत त्याचं बिल दिसत नाही, आणि आमचं क्रेडिट लटकतं. वीस तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरताना तेवढा कर खिशातून जातो. वरिष्ठा अशांना ईमेल करायची. मी बारा तारखेच्या सकाळी फोन घेऊन बसते. आधी मुलाबाळांची चौकशी, मग पाऊसपाणी, मग "भाई, तमारुं आर-१ हजी देखातुं नथी." सी फॉर्मचाच तो गळा आहे, बोल बदलले.

इथे एक सांगून टाकते. 'घर सांभाळणं हेच मोठं मॅनेजमेंट आहे, गृहिणीला बायोडेटात ते अभिमानाने लिहिता आलं पाहिजे' असले लेख मला मैत्रिणी पाठवत असतात. मला ते पटत नाही. शेंबूड पुसणं म्हणजे शेंबूड पुसणं. ते मी केलं कारण मुलांना शेंबूड येत होता. त्याला 'भागधारकांशी समन्वय' म्हटलं की ते काम काही मोठं होत नाही. मला टॅलीसाठी घेतलं, टॅलीसाठी पगार मिळतो.

घरचं वेळापत्रक मात्र कायद्याने बिघडवलं. माझा सगळा बेत धाकटी जून २०२३ ला पहिलीत जाईल आणि पूर्ण दिवस शाळा होईल यावर बांधलेला. पण त्याच वर्षापासून गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत असा नियम लागू झाला. ती ऑगस्टची. सहा व्हायला दोन महिने कमी. तिच्यासारख्यांसाठी 'बालवाटिका' काढली, म्हणजे अजून एक वर्ष अर्धा दिवस. शाळेच्या फाटकापाशी त्या एप्रिलमध्ये जून-जुलै-ऑगस्टच्या मुलांच्या आया भेटल्या की एकमेकींकडे बघूनच कळायचं. म्हणून ते पाळणाघर आलं, बारा ते चार, आणि व्हॅन. चारनंतर घरी सासूबाई.

बाळंतपणाची रजा वाढवणाऱ्या २०१७ च्या त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. आमच्याकडे माणसं तिसेक. वीसच्या वर असल्याने पीएफ लागू होतो, पन्नासच्या आत असल्याने पाळणाघर नाही. शेठना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. ते म्हणाले, "एटले तो पचासनी अंदर छिए," म्हणजे म्हणून तर पन्नासच्या आत आहोत, आणि मोठ्याने हसले. विनोद होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पीएफवरून आठवलं, हे ज्यांनी मुलांसाठी नोकरी सोडलीय त्यांनी जरा लक्ष देऊन वाचा. माझ्या बरोबरीच्या बऱ्याचजणींनी घरी बसल्या बसल्या पीएफ काढून घेतला. फ्रिज आला, कुणाचं भिशीचं देणं फिटलं. मी काढला नाही. शहाणपणाने नव्हे, फॉर्म भरायचा कंटाळा. तर झालं असं की पेन्शनला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि मधे खंड पडला तरी जुनी वर्षं धरली जातात, जर तुम्ही १०सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचलले नसतील तर. उचलले की ती वर्षं पुसली जातात. माझी जुनी सात होती, म्हणजे नव्या ठिकाणी तीन वर्षं केली की मी पात्र. पेन्शन किती, तर फार नाही: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०, आणि पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. पण जन्मभर. खात्यावरचं व्याजही चालू राहिलेलं होतं. नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र धरतात, तेवढं लक्षात ठेवायचं.

अडलं नावाशी. पीएफला माहेरचं नाव, आधारला सासरचं. दोन्ही एक करायला तेव्हा जुन्या कंपनीची सही लागायची, आणि जुनी कंपनी तोवर हालोलला गेलेली. एका शनिवारी स्कूटरवर न जाता बसने गेले. रिसेप्शनला नवीन मुलगी, तिला माझं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण आत स्टोअर्सचे काका अजून तेच. त्यांनी मला ओळखलं, सही मिळवून दिली, आणि जाताना विचारलं, "सी फॉर्म आले का गं सगळे?" लग्न झालेल्या मैत्रिणींनो, नाव आत्ताच जुळवून घ्या, स्टोअर्सचे काका रिटायर व्हायच्या आत.

ऑफिसातलं माझं स्थान पक्कं झालं ते मार्च २०२४ मध्ये. त्या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये एक नवं पोटकलम 'एच' आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष संपताना थकलेले असले, तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. पैसे द्याल त्या वर्षी धरा. नफा कागदावर फुगतो आणि त्यावर कर बसतो. सगळ्या जीआयडीसीत धावपळ. आमच्याकडे दीडशेवर पुरवठादार. त्यांतला लघु कोण, मध्यम कोण, नुसता व्यापारी कोण (व्यापाऱ्यांना हे लागू नाही), हे कुणी कधी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. "उद्यम सर्टिफिकेट मोकली आपो ने, भाई," म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा दाखला पाठवा ना, हे वाक्य मी फेब्रुवारीपासून इतक्यांदा म्हटलं की घरी थोरल्याला पाठ झालं आणि तो धाकटीला म्हणू लागला. वाइंडिंगची तार देणारे एक काका घाबरले, त्यांना वाटलं सरकार त्यांचंच काहीतरी मागतंय. त्यांना समजावलं की काका, यात तुमचे पैसे लवकर मिळतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बेन, फरी थी बोलो." मी पुन्हा बोलले.

एप्रिलमध्ये पगार २६ झाला. 'घर' कंपनीत प्रमाण बदललं, माझ्या वाट्याचा खर्च वाढला. हेही बरोबरच आहे.

त्या वर्षी ऑगस्टअखेरीस बडोद्यात पूर आला तो वाचकांना आठवत असेल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. मांजलपुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण मगर कुठल्या सोसायटीत निघाली याचे व्हिडिओ दिवसभर. पूर ओसरला आणि थोरल्याला ताप भरला. इकडे टॅक्स ऑडिटचे दिवस, ऑडिटर येऊन बसलेले. पूर्वी असा प्रसंग आला की प्रश्न विचारलाच जात नसे. या वेळी सकाळी दोघंही थर्मामीटरकडे बघत उभे राहिलो आणि नवऱ्याने फोन उचलून त्याच्या साहेबांना सांगितलं, मी येत नाही. नंतर म्हणाला, रजेचं पण कॉस्ट सेंटर करशील ना? केलं. त्याच्या नावे.

मला वाटलं, आता हिशोब बसला. तेव्हा सासूबाईंनी फ्रिजवरचा कागद वाचला. त्यांचा चष्मा देवघरात असतो, तो आणून, उभ्याने, वरून खालपर्यंत. पाळणाघर, ताई, व्हॅन, पेट्रोल, रजा. मग मला म्हणाल्या, "यात माझी ओळ कुठंय?"

मी म्हटलं, "आई, तुमचे पैसे थोडेच देतो आपण."

"तेच विचारतेय."

चार ते साडेसहा, दोन्ही मुलं, दूध, गृहपाठ, भांडण, पडणं, लागणं, हळद. सोमवार ते शनिवार. पाळणाघराच्या दराने लावलं तर माझ्या वाट्याला आलेल्या आकड्याहून मोठी रक्कम होते, मी रात्री लावून पाहिली. त्यांना सांगितली. त्या पैसे नको म्हणाल्या, घरात कसले पैसे. त्यांना पाहिजे होता वार. बुधवार आणि शनिवार दुपारपासून त्या मोकळ्या. शनिवारी भजनी मंडळ, जे गुडघे दुखतात म्हणून बंद आहे असं मी समजत होते. बुधवारी मांडवीची सेंट्रल लायब्ररी, सयाजीरावांनी १९१० साली काढलेली. लग्नाआधी त्या तिथल्या सभासद होत्या हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

शनिवार सोपा, नवऱ्याला सुट्टी असते, मला नसते. बुधवारी पाळणाघर सहापर्यंत वाढवलं, महिन्याला ६०० जास्त, प्रमाणाने वाटले. थोरला आता बुधवारी शाळेतून थेट तिकडेच जातो आणि तिथल्या लहान मुलांवर दादागिरी करतो अशी तक्रार आहे. व्हॅनवाल्या काकांना तेवढं बजावून सांगावं लागलं की बुधवारी घरी सोडू नका, दाराला कुलूप असतं.